सशाच्या स्नायूतले एन्झाइम आणि उणे वीस

कुपी आली ती शनिवारी दुपारी. गाइड बाहेरगावी, संशोधन करणारी विद्यार्थिनी घरी गेलेली. पार्सल ज्याने घेतले त्याने महागाची वस्तू म्हणून ती थेट उणे 20 अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये ठेवली. आत होते सशाच्या स्नायूतून काढलेले लॅक्टेट डिहायड्रोजनेज. लॅबमध्ये सगळे त्याला एलडीएच म्हणतात. सोमवारी प्रयोग लावला, तर स्पेक्ट्रोफोटोमीटरवरचा आकडा उतरायला तयार होईना. तिने बफर बदलला, पायरुवेट नवे केले, एनएडीएचची नवी बाटली फोडली. कुपीवर संशय सगळ्यात शेवटी आला. नवीकोरी वस्तू खराब असेल असे कोणाच्या मनात येते?

आता ती नव्या मुलांना पहिल्याच दिवशी लेबल वाचायला लावते. हे एन्झाइम बहुधा अमोनियम सल्फेटमधले दुधाळ सस्पेन्शन म्हणून मिळते आणि 2 ते 8 अंशांत, म्हणजे साध्या फ्रिजच्या कप्प्यात, महिनोन्महिने टिकते. जास्त थंडी म्हणजे जास्त सुरक्षितता हा हिशेब इथे चालत नाही.

कारण रेणूच्या बांधणीत आहे. सुमारे 1,40,000 डाल्टनचा हा रेणू चार साखळ्यांचा. क्लेमेंट मार्कर्ट यांनी 1963 मध्ये गाईबैलांच्या एलडीएचचे दोन प्रकार मिठाच्या बफरमध्ये एकत्र केले, गोठवले आणि वितळवले. दोनाचे पाच प्रकार झाले होते, 1:4:6:4:1 या प्रमाणात. गोठताना साखळ्या सुटल्या आणि वितळताना मिळेल त्या जोडीदाराबरोबर पुन्हा बांधल्या गेल्या. मार्कर्ट यांना हवे होते तेच झाले. पण ज्याला एन्झाइम जसेच्या तसे हवे त्याच्यासाठी ही धोक्याची घंटा आहे, कारण सुटलेली प्रत्येक साखळी परत नीट जुळेलच असे नाही. प्रथिने गोठवून सुकवण्याच्या तंत्रावर काम करणारे लोक तर एलडीएच मुद्दाम वापरतात: गोठवणीचा मार कोणाला लवकर बसतो हे पाहायला ते सोयीचे.

त्यात बफर सोडियम फॉस्फेटचा असला तर आणखी भर. गोठताना त्यातले डायसोडियम फॉस्फेट आधी स्फटिक होऊन बाहेर पडते आणि उरलेल्या द्रवाचा पीएच 7 वरून थेट 4 च्या आसपास घसरू शकतो. वितळल्यावर पीएच पुन्हा 7 दाखवतो, म्हणजे पुरावाही शिल्लक राहत नाही.

सस्पेन्शन घेताना कुपी हलकेच उलटीसुलटी करायची, फेस येऊ द्यायचा नाही. एन्झाइम तळाशी बसलेले असते. वरचा निवळ द्रव पिपेटमध्ये घेतला तर हाती मीठपाणीच लागते. सौम्य द्रावण त्या दिवसापुरतेच, बर्फावर, आणि त्यात थोडे बोवाइन अल्ब्युमिन. नाहीतर बरेचसे एन्झाइम नळीच्या प्लास्टिकलाच चिकटून बसते.

किती सौम्य करायचे? 340 नॅनोमीटरवर एनएडीएच मोजतात, त्याचा मिलिमोलर शोषण-गुणांक 6.22. एक सेंटिमीटरच्या क्युवेटमध्ये एक मिलिलिटर द्रावण असेल आणि मिनिटाला 0.1 उतार मिळाला, तर आत जेमतेम 0.016 युनिट एन्झाइम आहे. कुपीत मिलिग्रॅममागे शेकडो युनिट असतात. न पातळ करता एक थेंब टाकला, तर झाकण लावेपर्यंत एनएडीएच संपलेले असते आणि सपाट रेघ पाहून मुले एन्झाइम मेले म्हणतात. ही उलटी गफलत तिने इतरांच्या वह्यांत बरीच पाहिली आहे.

बैलाच्या हृदयातले एलडीएच सशाच्या स्नायूतल्याच्या जागी सहज चालेल, असेही कोणी धरतो. हृदयातला प्रकार पायरुवेट जास्त झाले की मंदावतो, स्नायूतला त्या मानाने पुष्कळ सोसतो. म्हणून मागणीपत्रावर नुसते ‘एलडीएच’ लिहिलेले तिला चालत नाही. प्राणी कोणता, अवयव कोणता आणि पुरवठादाराने युनिट 25 अंशांना मोजले की 37 ला, हे लिहिल्याशिवाय ती कागद पुढे सरकवत नाही.