‘केवढें हें क्रौर्य !’ : एका कवितेचें रसग्रहण

रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) हे फुलामुलांचे कवि म्हणून महाराष्ट्रास परिचित आहेत. परंतु ‘केवढें हें क्रौर्य !’ ह्या त्यांच्या कवितेंत फुलें नाहींत, रक्त आहे. कथानक लहानसेंच. पिलांसाठीं चोंचींत घांस घेऊन झाडावर क्षणभर विसावलेल्या पक्षिणीच्या उरांत बाण शिरतो. ती पडत-उठत आपल्या ढोलीपर्यंत येते, पिलांना शेवटचा घांस भरविते, त्यांना देवाच्या हवालीं करते आणि प्राण सोडते.

विद्यार्थ्यांनीं येथें तीन गोष्टी ध्यानांत घ्याव्या. पहिली, बोलतें कोण ? मारणाऱ्यास दोष देण्याचें काम कवीनें पक्षिणीकडेच सोंपविलें आहे. पण ती शाप देत नाहीं. ज्यांना आपण गाऊन रमविलें त्यांनींच मारावें, ह्याचें तिला नवल वाटतें. आणि दुर्बळाचा वध करणाऱ्यास ती शूर म्हणते. हा उपरोध क्रोधाहून अधिक बोंचतो.

दुसरी गोष्ट वृत्ताची. पक्षिणीची धडपड व तिचें बोलणें पृथ्वी वृत्तांत आहे. सतरा अक्षरांच्या ह्या वृत्तांत आठव्या अक्षरावर यति येतो. तिच्या अडखळत्या उड्डाणास तें शोभतें. शेवटचा श्लोक मात्र चौदा अक्षरांच्या वसंततिलकांत आहे. बोलणारी गेली, तशी चालही पालटली. उरतें तें मातींत पडलेल्या देहाचें शांत वर्णन. त्यांत उपदेशाचा एक शब्दही नाहीं.

तिसरी गोष्ट, मारणाऱ्यास नांव नाहीं, गांव नाहीं. त्या रिकाम्या जागीं वाचकास स्वतःला उभें करून पाहावें लागतें.

आम्हीही लहानपणीं निंबाखालीं बेचकी घेऊन उभे राहिलों आहों. एकदां नेम लागला, तेव्हां आम्ही हंसलों. पुढें ही कविता वर्गांत शिकवितांना शेवटचा श्लोक आमच्यानें मोठ्यानें वाचवेना.

आपल्या सोलापुराजवळ नान्नजच्या माळावर माळढोकासाठीं १९७९ सालीं अभयारण्य झालें. शिकारीनें व माळरानें नाहींशीं झाल्यानें तो पक्षी आतां अत्यंत दुर्मिळ झाला आहे. १९७२ च्या कायद्यानें वन्य पशुपक्ष्यांस संरक्षण दिलें. परंतु मुलाच्या खिशांतील बेचकीपर्यंत कायदा क्वचितच पोंहोंचतो. म्हणून पालकांस आमची विनंति आहे कीं, ही कविता त्यांनीं एखाद्या सायंकाळीं मुलांसह मोठ्यानें वाचावी, आणि वाचून झाल्यावर अर्थ सांगण्याची घाई करूं नये.