गरमी : औषध सापडले, कलंक का राहिला?

मलेरिया किंवा कावीळ झाली, तर शेजारीपाजारी घरी येऊन विचारपूस करतात. परंतु गरमी, परमा यांसारखा रोग झाल्याचे नुसते कळले, तरी माणसाला तोंड लपवावे लागते. इतर रोगांना फक्त नाव असते. या रोगांच्या कपाळी मात्र समाजाने 'गुप्त' हा शिक्का मारला आहे. हा शिक्का कसा बसला आणि त्याची किंमत कोणी मोजली, याचा विचार प्रस्तुत लेखात गरमीच्या, म्हणजेच उपदंशाच्या, निमित्ताने करावयाचा आहे.

नावातच दोषारोप

पंधराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात या रोगाची मोठी साथ पसरली. इटलीतील लोक त्याला फ्रेंचांचा रोग म्हणू लागले, तर फ्रेंच लोक नेपल्सचा रोग. आपल्याकडे पोर्तुगीज आल्यानंतर सोळाव्या शतकात भावमिश्राने 'भावप्रकाश' ग्रंथात त्याची नोंद 'फिरंग रोग' या नावाने केली. प्रत्येकाने रोग दुसऱ्याच्या दारात नेऊन टाकला! प्रत्यक्षात तो एका जंतूमुळे होतो, हे जर्मनीतील संशोधकांनी १९०५ साली दाखवून दिले. जंतूला ना देश असतो, ना जात.

शिक्षा मात्र स्त्रीला

गोऱ्या सैनिकांमध्ये हे रोग वाढले, म्हणून इंग्रज सरकारने १८६८ साली सांसर्गिक रोगांचा कायदा केला. वेश्याव्यवसायातील स्त्रियांची नोंदणी, सक्तीची शारीरिक तपासणी आणि रोग आढळल्यास इस्पितळात कोंडून ठेवणे, असे त्याचे स्वरूप होते. त्यांच्याकडे जाणाऱ्या पुरुषांवर मात्र अशी सक्ती नव्हती. १८८८ साली हा कायदा रद्द झाला, पण त्यामागील वृत्ती गेली नाही.

घरोघरीही तेच घडले. नवऱ्याने बाहेरून आणलेला रोग बायकोला होई. या रोगामुळे गर्भपात होऊ शकतो, मूल मृत जन्मू शकते. कारण ठाऊक नसल्याने त्या बिचारीलाच 'पांढऱ्या पायाची' ठरविले जाई. नवऱ्याचे रक्त तपासावे, असे कोणाला सुचत नसे.

कर्वे यांचा खटला आणि बाबासाहेब

या अज्ञानाविरुद्ध महाराष्ट्रात प्रा. रघुनाथ धोंडो कर्वे उभे राहिले. संततिनियमनाच्या प्रचारापायी त्यांना १९२५ साली विल्सन कॉलेजातील नोकरी सोडावी लागली. त्यांनी गुप्तरोगांपासून बचाव कसा करावा यावर पुस्तक लिहिले आणि १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केले. लैंगिक विषयांवरील वाचकांच्या प्रश्नांना त्यात उत्तरे दिल्याबद्दल १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. तेव्हा त्यांचे वकीलपत्र घेतले डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी. वाचक जाणून घेण्यासाठी प्रश्न विचारत असतील, तर त्यांना शास्त्रीय उत्तर देणे हा गुन्हा कसा, अशी ही भूमिका होती. खटला हरला आणि कर्वे यांना २०० रुपये दंड झाला. तरीही १९५३ साली निधन होईपर्यंत त्यांनी मासिक चालविले. दलितांच्या राजकीय हक्कांसाठी अहोरात्र झटणाऱ्या बाबासाहेबांना हा खटलाही आपला वाटला, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावे. ज्ञान दडवून ठेवले की त्याचा फटका दुबळ्यालाच बसतो.

औषध आले तरी

१९४३ साली पेनिसिलिनने गरमी बरी होते हे सिद्ध झाले. तरीही अमेरिकेतील टस्कीगी येथे सुमारे चारशे गरीब कृष्णवर्णीय रुग्णांना रोगाचे खरे नाव न सांगता, औषध न देता, केवळ निरीक्षणासाठी तसेच ठेवले गेले. १९३२ साली सुरू झालेला हा प्रकार १९७२ साली उघडकीस आल्यावर थांबला. ज्यांना समाज आधीच हीन मानतो, त्यांच्या रोगाकडे तो कसा पाहतो, हे यावरून दिसते.

आपले कर्तव्य

सोनिवली-बदलापूरहून लोकलने जाणाऱ्यांनी डब्यात चिकटवलेली 'हमखास इलाज'वाल्यांची पत्रके वर्षानुवर्षे पाहिली आहेत. लाज हेच या धंद्याचे भांडवल! गरमीचा पहिला व्रण बहुधा दुखत नाही आणि आपोआप भरून येतो. माणसाला वाटते, रोग गेला. परंतु तो शरीरात राहतो आणि पुढे हृदय, मेंदू यांना इजा करू शकतो.

म्हणून शंका येताच रक्त तपासावे. शासकीय रुग्णालयांतील 'सुरक्षा क्लिनिक'मध्ये तपासणी व औषधोपचार मोफत मिळतात. उपचार जोडीदारानेही घ्यावेत. गरोदर भगिनींची ही तपासणी चुकवू नये. वेळीच इंजेक्शन मिळाले तर बाळ वाचते.

जंतूवर औषध आहे. कलंकावरचे औषध आपल्या जिभेवर आहे. रुग्णाला 'हे कोठून आणलेस?' असे विचारण्याऐवजी 'चल, मी दवाखान्यात सोबत येतो' असे म्हणणारी माणसे वाढली, तर 'गुप्त' हा शिक्का आपोआप पुसला जाईल.