टॅब घ्यायचा की लॅपटॉप? ग्रामसंघाची खरेदी करण्याआधी हे वाचा



ग्रामसंघाच्या बैठकीत सध्या एक विषय हमखास निघतो. हिशेब कॉम्प्युटरवर ठेवायचा, तर घ्यायचं काय? दुकानदार सांगतो, "ताई, कीबोर्डवाला टॅब घ्या. कीबोर्ड लावला की लॅपटॉप, काढला की टॅब." एका पैशात दोन वस्तू! ऐकायला छान वाटतं. पण हा पैसा एकीचा नाही, सगळ्या गटांचा आहे. चुकीची वस्तू आली तर ती कपाटात पडून राहते आणि आपली लेखापाल ताई पुन्हा तालुक्याला जाऊन दुसऱ्याकडून पैसे देऊन हिशेब टाईप करून घेते. पंचसूत्रीतलं पाचवं सूत्र, म्हणजे हिशेब लेखन, आपल्याच हातात राहायला हवं. म्हणून आजचा पाठ या खरेदीवर.

1. दिसायला सारखे, आतून वेगळे

कीबोर्ड लागणारे टॅब दिसायला एकसारखे असतात, पण आतली प्रणाली वेगळी असते. काहींत अँड्रॉइड असतं, म्हणजे आपल्या मोबाईलमध्ये असतं तेच. काहींत विंडोज असतं, म्हणजे नेहमीच्या कॉम्प्युटरवर असतं ते. अँड्रॉइडच्या टॅबला कितीही चांगला कीबोर्ड लावा, तो आतून मोठा मोबाईलच राहतो. विंडोजचा मात्र खरोखर छोटा कॉम्प्युटर असतो.

तिसरा प्रकारही आहे. त्याचा कीबोर्ड सुटा होत नाही, पण पडदा पूर्ण मागे दुमडतो. त्याला टू-इन-वन म्हणतात. तो मुळात लॅपटॉपच, फक्त पडद्याला बोट लावलं तरी चालतो.

म्हणून दुकानात पहिला प्रश्न हाच विचारा: "यात अँड्रॉइड आहे की विंडोज?"

2. आपलं काम कोणतं?

समजा, तुमच्या ग्रामसंघात 15 गट आहेत आणि प्रत्येक गटात 10 जणी. झाल्या 150 सदस्या. प्रत्येकीची बचत, कर्ज परतफेड, व्याज आणि दंड असे चार रकाने धरले, तर महिन्याला 600 आकडे भरायचे. बोटाने पडद्यावर भरायला गेलं की पडद्यावरचा कीबोर्डच अर्धी जागा खातो. वरची ओळ दिसेनाशी होते आणि एकीचा आकडा दुसरीच्या नावावर पडतो. तिथे खरा कीबोर्ड आणि मोठा पडदाच हवा.

आता कामं वेगळी करून बघू.

टॅबवर चांगली होणारी कामं: गटाला भेट देऊन फोटो काढणं, माहितीपट किंवा प्रशिक्षणाचा व्हिडिओ सगळ्यांना दाखवणं, ऑनलाइन बैठक, मालाचे फोटो गिऱ्हाईकाला पाठवणं, लोकोससारख्या ॲपवर गटाची नोंद करणं. मराठीत बोलून टाईप करायची सोयही अँड्रॉइडवर सोपी आहे. ज्यांचा हात कीबोर्डवर बसलेला नाही, त्यांना ती फार उपयोगी पडते.

लॅपटॉपवरच नीट होणारी कामं: मोठी एक्सेल फाइल, टॅली, ऑडिटसाठीची कागदपत्रं, बँकेचा कर्ज प्रस्ताव, प्रिंट काढणं. टॅलीप्राइम विंडोजवर चालतं, अँड्रॉइड टॅबवर बसत नाही. एक्सेलमध्ये बटण दाबलं की गोषवारा तयार होतो अशी मॅक्रोची फाइल कार्यालयातून आली असेल, तर तीही अँड्रॉइडवर चालत नाही. डिजिटल सही पेनड्राइव्हसारख्या टोकनमध्ये असते. तिलाही बहुधा विंडोजच लागतं.

आणखी एक अडचण बघा. जुने ठराव श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या फाँटमध्ये टाईप केलेले असतील, तर टॅबवर ते उघडल्यावर मराठीऐवजी वेडीवाकडी अक्षरं दिसतात. नवीन ठराव तरी युनिकोडमध्येच टाईप करा, म्हणजे कुठेही उघडतील.

3. किमतीच्या चिठ्ठीवर नसलेला खर्च

टॅबची किंमत कमी दिसते, कारण बऱ्याचदा कीबोर्ड त्यात धरलेला नसतो. कव्हर आणि पेन वेगळं. टॅबला जोडणीचं भोक बहुधा एकच असतं. चार्जिंग आणि प्रिंटर एकाच वेळी लावायचा तर मध्ये जोडणारा हब वेगळा घ्यावा लागतो.

दुरुस्तीचाही विचार करा. साध्या लॅपटॉपची बॅटरी किंवा कीबोर्ड तालुक्याच्या दुकानात बदलून मिळू शकतो. टॅबचा पडदा चिकटवलेला असतो, तो उघडणं अवघड. सुटणारा कीबोर्ड बिघडला तर त्याच मॉडेलचा शोधत बसावं लागतं.

टॅबची जमेची बाजूही आहे. तो हलका असतो, पिशवीत मावतो, आणि लाईट गेली तर बरेच टॅब पॉवर बँकेवरही चार्ज होतात. वाडी-वस्तीवर फिरणाऱ्या सखीला याची किंमत कळते.

4. दुकानात जाताना

- लेखापाल ताईला सोबत न्या. रोज काम तिलाच करायचं आहे.
- पेनड्राइव्हमध्ये आपलीच हिशेबाची फाइल न्या आणि तिथेच उघडून दहा ओळी भरून बघा. प्रिंटही काढून बघा.
- विंडोजचं यंत्र घेताना रॅम 8 जीबी आणि साठवण 256 जीबी एसएसडी तरी मागा. 4 जीबी रॅम आणि 64 जीबी साठवण ही विंडोज 11 ची किमान गरज आहे, त्यावर काम रखडतं.
- जुना लॅपटॉप स्वस्तात मिळत असेल, तर त्यावर विंडोज 11 चालतं का ते विचारा. विंडोज 10 ला कंपनीची नेहमीची सुरक्षा-सेवा 14 ऑक्टोबर 2025 ला संपली.
- तीन दरपत्रकं घ्या. प्रत्येकात कीबोर्ड, वॉरंटी आणि 18 टक्के जीएसटी धरून शेवटचा आकडा लिहून मागा. बिल ग्रामसंघाच्या नावानेच.

5. मग जागा घेतो का टॅब?

विंडोजचा, चांगल्या ताकदीचा आणि कीबोर्डसकट घेतलेला टॅब लॅपटॉपची जागा घेऊ शकतो. पण तेवढ्याच पैशात साधा लॅपटॉप बहुतेक वेळा जास्त ताकदीचा मिळतो. अँड्रॉइडचा टॅब लेखापालाच्या लॅपटॉपची जागा घेत नाही.

म्हणून एकच वस्तू घेण्याइतके पैसे असतील आणि ती हिशेबासाठी असेल, तर साधा लॅपटॉप घ्या. भेटी, फोटो आणि ॲपचं काम सखीच्या मोबाईलवर भागतं. हिशेब आधीच लॅपटॉपवर सुरू असेल आणि फिरतीचं काम वाढलं असेल, तर दुसरी वस्तू म्हणून टॅब जरूर घ्या. काहीही घेतलं तरी हिशेबाची एक प्रत पेनड्राइव्हवर दर महिन्याला काढून अध्यक्षांकडे ठेवा, आणि पासवर्ड दोघींना माहीत असू द्या.

पुढच्या बैठकीत चर्चेसाठी

1. गेल्या महिन्यात कॉम्प्युटरची कोणकोणती कामं बाहेरून करून घेतली? किती पैसे गेले?
2. त्यातली किती कामं बसून करायची होती आणि किती फिरून?
3. यंत्र कोणाच्या घरी राहील? ती ताई नसेल तेव्हा कोण वापरेल? किमान दोघी शिकल्या आहेत का?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळेपर्यंत खरेदीचा ठराव लिहू नका. यंत्र महिनाभर उशिरा आलं तरी चालेल. ते एकीलाच येत असेल, तर ती माहेरी गेली की सगळ्यांचा हिशेब थांबतो.