फिरत्या घराचे सांडपाणी: वऱ्हाडातील भटकंतीसाठी काही सूचना

निजण्याची, रांधण्याची आणि शौचाची सोय पोटात घेऊन फिरणारी कॅरॅव्हॅन भाड्याने घेऊन चिखलदरा, सेमाडोह किंवा नरनाळा पाहावयास जाण्याचा बेत जे करतात, त्यांनी मार्गाची, मुक्कामाची आणि शिध्याची तजवीज पुष्कळ आधी केलेली असते. परंतु गाडीच्या तळाशी बसविलेल्या ज्या दोन टाक्यांत साऱ्या कुटुंबाचा मैला आणि सांडपाणी साचत जाते, त्या कोठे, केव्हा आणि कशा रिकाम्या करावयाच्या, याचा विचार बहुधा पहिली दुर्गंधी नाकाशी आल्यावरच सुरू होतो. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले आणि या प्रकारच्या प्रवासाला राजमान्यता मिळाली. तथापि परदेशांतील मुक्कामतळांवर मैला ओतण्यासाठी जी पक्की बांधलेली जागा असते, ती आपल्या मार्गांवर क्वचितच आढळते, आणि म्हणून ही जबाबदारी सर्वस्वी प्रवाशाच्या शिरावर येते.

वऱ्हाडात ही जबाबदारी अधिकच जोखमीची आहे, आणि त्याचे कारण तेथील भूमीत आहे. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अकोला, अमरावती आणि बुलढाणा या जिल्ह्यांतून जो खारपाणपट्टा पसरलेला आहे, त्यातील विहिरींचे पाणी क्षारयुक्त असल्यामुळे पिण्यास अयोग्य ठरते, आणि तेथील गावांची तहान दुरून नळाने आणलेल्या धरणाच्या पाण्यावर भागवावी लागते. शहानूर, चंद्रभागा आणि सापन या नद्या सातपुड्याच्या दक्षिण उतारावरून पूर्णेच्या खोऱ्यात उतरतात, आणि तिन्हींवर धरणे आहेत. पलीकडच्या अंगाची सिपना मेळघाटातून वाहत तापीला मिळते, आणि पूर्णाही अखेर त्याच तापीला जाऊन मिळते. तस्मात् चिखलदऱ्याच्या पठारावर एखाद्या ओघळीत रिकामी केलेली टाकी ही डोंगरातच जिरून जाते असे समजणे चूक आहे. पाण्याचा उतार ज्या दिशेला, त्या दिशेला माणसांची वस्ती आहे, आणि त्या वस्तीला गोड्या पाण्याचा दुसरा आधार फारसा नाही.

गाडी ताब्यात घेताना

कॅरॅव्हॅनमध्ये सामान्यतः तीन साठे असतात: स्वच्छ पाण्याचा, न्हाणी व स्वयंपाकाच्या सांडपाण्याचा, आणि मैल्याचा. लहान गाड्यांत मैल्यासाठी पक्की टाकी नसून शौचकूपाखाली सरकवून बसविलेली, सुमारे २० लिटर मावेल अशी पेटी असते, जी बाहेरच्या दारातून ओढून हाताने नेता येते. आपल्या गाडीत यांपैकी कोणता प्रकार आहे, प्रत्येक टाकी किती लिटरची आहे, तिचा दांडा कोठे आहे आणि तो ओढल्यावर टाकी उघडते की मिटते, हे गाडीच्या मालकाकडून प्रत्यक्ष करवून पाहावे; नुसत्या तोंडी वर्णनावर विसंबू नये. त्याच वेळी दोन्ही टाक्या रिकाम्या असल्याची खातरजमा करावी, आणि त्या परत देताना रिकाम्या द्यावयाच्या की भरलेल्या चालतील, भरलेल्या असल्यास आकार किती, हे करारनाम्यात लेखी उतरवून घ्यावे. या एका कलमावरून प्रवासाअंती जितकी हुज्जत होते तितकी इंधनावरूनही होत नाही.

सामानाच्या यादीत पुढील वस्तू असाव्यात: जाड रबरी हातमोज्यांचे दोन जोड, मैल्याची स्वतंत्र नळी व तिचे जोड, केवळ याच कामासाठी राखलेली बादली, जुने फडके, साबण, आणि चाकांना अटकाव करण्यासाठी लाकडी ठोकळे. पिण्याचे पाणी भरण्याची नळी आणि मैल्याची नळी एकाच कप्प्यात कदापि ठेवू नयेत.

हिशेब आपल्या सवयीचा

परदेशी पुस्तिकांतून दिलेले टाकीचे हिशेब कागद वापरणाऱ्या लोकांचे असतात. आपण पाणी वापरतो, आणि त्यामुळे दोन गोष्टी घडतात: मैला पातळ राहून टाकीतून सहज वाहतो, ही चांगली; आणि टाकी अपेक्षेपेक्षा फार लवकर भरते, ही वाईट. एका वेळच्या वापरास पाण्यासह २ लिटर धरले, आणि चार माणसांच्या कुटुंबाचा वापर दिवसाला २० वेळा मानला, तर ४० लिटर होतात. म्हणजे ८० लिटरची टाकी दोन दिवसांत तुडुंब, आणि २० लिटरची पेटी तर अर्ध्या दिवसात. सांडपाण्याचा वेग याहून मोठा असतो, कारण एका माणसाच्या काटकसरीच्या आंघोळीलाही एक बादली लागते. म्हणून टाकी तीन-चतुर्थांश भरली की ती रिकामी करण्याचा मुक्काम आलाच असे समजून आखणी करावी, आणि भिंतीवरील दर्शक दिव्यांवर सर्वस्वी विश्वास ठेवू नये. टाकीच्या आतील बाजूस घाण चिकटली की रिकाम्या टाकीतही ते दिवे भरल्याची खूण दाखवितात.

जेथे हॉटेल, पर्यटक निवास किंवा पेट्रोलपंपावर नीट राखलेले शौचालय आहे, तेथे गाडीतील शौचकूप वापरूच नये, हा सर्वांत सोपा उपाय होय. गाडीची सोय रात्रीसाठी, मुलांसाठी, वृद्धांसाठी आणि अडचणीच्या वेळेसाठी राखावी.

वाटेवरचे पथ्य

निघण्यापूर्वी मैल्याच्या टाकीत काही लिटर पाणी आणि मालकाने दिलेले औषध घालावे. कोरड्या तळावर पडलेला मैला तेथेच थिजून बसतो आणि मग कोणत्याही पाण्याने हलत नाही. याच कारणासाठी, मुक्कामी गाडी गटाराला जोडलेली असली तरी मैल्याच्या टाकीचा दांडा सतत उघडा ठेवू नये, कारण पाणी वाहून जाते आणि घट्ट भाग मागे उरतो. टाकी भरू द्यावी आणि मग एकदम सोडावी, हाच नियम. दुर्गंधी आली की आपल्याकडे हात आपसूक फिनेल, ॲसिड किंवा ब्लीचिंग पावडरीकडे जातो, तो आवरावा. ही द्रव्ये मैला कुजविणाऱ्या जीवाणूंचा नाश करतात, पुढे ज्या सेप्टिक टँकमध्ये तो मैला जाणार त्याचेही काम बिघडवितात, आणि ॲसिड व ब्लीचिंग पावडर एकत्र आल्यास विषारी क्लोरीन वायू निर्माण होतो.

अकोला-अमरावतीच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो. अशा उष्म्यात टाकीतील कुजण्याची क्रिया वेग घेते, आणि मोरीच्या वाकड्या नळीत वायू अडविण्यासाठी जे थोडे पाणी साठलेले असते तेही सुकून जाते. मग टाकी बंद असूनही वास गाडीत शिरतो. दुपारच्या थांब्यावर प्रत्येक मोरीत पेलाभर पाणी ओतले की हा उपद्रव थांबतो. छतावरचा पंखा सुरू असताना शौचकूपाची झडप उघडू नये, कारण पंखा बाहेरची नव्हे तर टाकीतलीच हवा वर ओढतो.

सांडपाण्याची टाकी निरुपद्रवी वाटते, पण वऱ्हाडी स्वयंपाकानंतर ती मैल्याच्या टाकीइतकीच नासते. रोडगे, वरण आणि वांग्याच्या भाजीचे जेवण झाल्यावर ताटावरची तर्री आणि वरणाचा गाळ मोरीत सोडला, तर तेलाचा थर नळ्यांना धरतो आणि डाळ आंबून दुसऱ्या दिवशी असह्य वास येतो. ताटे आधी कागदाने किंवा पत्रावळीच्या तुकड्याने पुसावीत, मोरीवर बारीक जाळी ठेवावी, आणि खरकटे कोरड्या डब्यात साठवून गावातील घंटागाडीला द्यावे.

अमरावतीहून वलगाव मार्गे परतवाड्यास आणि तेथून चिखलदऱ्यास जाताना, घाट चढण्यापूर्वीच दोन्ही टाक्या रिकाम्या कराव्यात. लिटरमागे एक किलो हे वजन गृहीत धरले तर भरलेल्या दोन टाक्या म्हणजे दोन-तीन माणसांचा अधिक भार होय, आणि अर्धवट भरलेल्या टाकीतील पाणी वळणावर एका अंगाला धावून गाडीचा तोल बिघडविते. उलट, घाट उतरताना रिकाम्या केलेल्या मैल्याच्या टाकीत दोन बादल्या साबणाचे पाणी घातले, तर रवीने ताक घुसळावे तशी ती टाकी वळणावळणाला घुसळली जाऊन परतवाड्यापर्यंत आपोआप धुतली जाते.

रिकामी करण्याची रीत

योग्य जागा कोणती? गाडीच्या मालकाचे स्वतःचे आवार. परवानगी देणाऱ्या हॉटेलचा किंवा पर्यटक निवासाचा सेप्टिक टँक अथवा गटाराचा चेंबर. महानगरपालिकेच्या भुयारी गटारास जोडलेले शौचालय. आणि यांपैकी काहीच नसल्यास मैला उपसणारी सक्शन गाडी. पेटी असेल तर ती रखवालदाराच्या संमतीने सार्वजनिक शौचालयात ओतता येते. मुक्काम ठरविताना खोलीचे भाडे विचारण्याआधी हा प्रश्न विचारावा, आणि होकार मिळाल्यास त्याचे शुल्क देण्यास अनमान करू नये.

गाडी समतल जागी, शक्य तर टाकीच्या तोंडाकडे किंचित उतार ठेवून उभी करावी, चाकांना ठोकळे लावावेत आणि मुलांना दूर पाठवावे. हातमोजे चढवून नळीचे एक टोक गाडीच्या तोंडावर फिरवून बसवावे, त्याचे दात खाचेत पक्के अडकले आहेत ना हे ओढून पाहावे, आणि दुसरे टोक चेंबरमध्ये हातभर आत सोडून वर दगड ठेवावा; वजन नसलेले टोक पहिल्या लोंढ्यासरशी उसळून बाहेर पडते. मग प्रथम मैल्याचा दांडा एका दमात पूर्ण ओढावा. आवाज मोठा असतो, पुढे तो मंदावतो, आणि केवळ ठिबक उरते. दांडा मिटून शौचकूपातून दोन बादल्या पाणी सोडावे आणि पुन्हा उघडावे. नळीतून येणारे पाणी स्वच्छ दिसेपर्यंत ही आवृत्ती चालू ठेवावी. त्यानंतरच सांडपाण्याचा दांडा ओढावा, कारण त्यातील साबणाच्या पाण्याने नळी आतून धुतली जाते. हा क्रम उलटा केला तर धुतलेल्या नळीतून पुन्हा मैलाच वाहील.

दोन्ही दांडे मिटल्यावर नळी गाडीच्या बाजूने उचलत उचलत चेंबरकडे निथळून न्यावी, धुवावी आणि टोपणे लावून पिशवीत बांधावी. जमिनीवर थेंबही पडला असेल तर तो धुऊन चेंबरमध्येच सोडावा, टाकीत पुन्हा पाणी व औषध घालावे, आणि हात साबणाने चोळून धुवावेत. सक्शन गाडी बोलाविल्यास टाकीची छतावरील वायुनलिका बुजलेली नाही याची खात्री करून घ्यावी आणि शौचकूपाची झडप उघडी ठेवावी, नाहीतर त्या यंत्राच्या ओढीने प्लॅस्टिकची टाकी आत दबते. त्या चालकाला माल कोठे नेऊन टाकणार हेही विचारावे. मैलागाळ प्रक्रिया केंद्राऐवजी तो नाल्यात रिता होणार असेल, तर आपण स्वतः ओतल्याचाच दोष लागतो.

जेथे कदापि ओतू नये

गावातील उघडी नाली, शेताचा बांध, पाझर तलाव, पुलाखालचा ओढा आणि जंगलातील वळण, ही सर्व ठिकाणे वर्ज्य आहेत. १९७४ च्या जलप्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण अधिनियमाचे कलम २४ प्रवाहात किंवा विहिरीत दूषित द्रव्य सोडण्यास मनाई करते. मेळघाट हा १९७३-७४ साली स्थापन झालेल्या देशातील पहिल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांपैकी एक. तेथे सेमाडोह किंवा कोलकास येथील वनखात्याच्या संकुलात परवाना घेऊनच राहावे आणि सांडपाणीसुद्धा मातीत सोडू नये, कारण साबणाच्या पाण्याने सिपनेचे डोह नासतात आणि खरकट्याच्या वासाने वन्य प्राणी वस्तीकडे ओढले जातात. गाविलगड आणि नरनाळा हे संरक्षित दुर्ग आहेत. अकोटवरून शहानूरकडे जाऊन नरनाळा चढणाऱ्याने शक्कर तलाव पाहताना हे ध्यानात घ्यावे की जुन्या किल्लेदारांनी पावसाचा थेंबही साठविण्याचा बंदोबस्त केला तो पाण्याची किंमत ओळखून.

आणखी एक गोष्ट कायद्याहून मोठी आहे. चेंबर तुंबला, झाकण जड निघाले, किंवा टाकी मोकळी होईना, तर एखाद्या मजुराला पैसे देऊन आत उतरविण्याचा मोह कोणासही होऊ नये. सेप्टिक टँकमधील वायूने क्षणात शुद्ध हरपते आणि माणूस दगावतो. हाताने मैला सफाई करविण्यास मनाई करणाऱ्या २०१३ च्या अधिनियमाने अशा धोकादायक सफाईस माणूस जुंपणे हा गुन्हा ठरविला आहे. आपला मैला दुसऱ्याच्या हाताला लावणे हा पूर्वीपासून चालत आलेला अन्याय आहे, आणि सहलीच्या सुखासाठी तो क्षणभरही पुढे चालविता कामा नये.

परतवाड्याच्या मार्गावरील वलगाव येथे, पेढी नदीच्या काठी, २० डिसेंबर १९५६ रोजी गाडगे महाराजांनी देह ठेवला. १८७६ साली शेंडगावी जन्मलेल्या या पुरुषाने आयुष्यभर ज्या गावी कीर्तनास जावे त्या गावाचे रस्ते आधी स्वतः झाडावे, आणि घाण काढण्याचे काम कोणा एका जातीवर सोपवू नये, हे हातातील खराट्याने शिकविले. त्यांच्याच मुलखातून फिरते घर घेऊन जाणाऱ्याला यापेक्षा वेगळी आचारसंहिता नको.

अखेरीस एक विनंती करावीशी वाटते. चिखलदरा आणि अचलपूर या नगरपरिषदांच्या हद्दीत एक काँक्रीटचा ओटा, झाकणाचा चेंबर, एक नळ आणि माफक शुल्काची पावती, इतकीच सोय झाली तरी बहुतेक प्रश्न सुटेल. तो खर्च मोठा नाही. परंतु मागणी दिसल्याखेरीज अंदाजपत्रकात तरतूद होत नाही. म्हणून आपल्या पुढच्या सहलीत मुक्काम नक्की करण्यापूर्वी नगरपरिषदेला आणि पर्यटक निवासाला लेखी पत्र पाठवून ही सोय आहे काय असे विचारावे, नसल्यास ती करावी अशी मागणी नोंदवावी, आणि ती होईपर्यंत भरलेली टाकी तशीच योग्य ठिकाणापर्यंत वाहून नेण्याची तयारी ठेवावी.