मदतीचे माप : हेक्टर की झाड?

अर्थशास्त्राच्या तासाला 'शासकीय साहाय्य' हा विषय निघाला, की माझ्या डोळ्यांपुढे आमची श्रीवर्धनची वाडी उभी राहते. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि आजोबांनी लावलेल्या पोफळी व माड काही तासांत आडवे झाले. पुढे रीतसर पंचनामा झाला. नुकसान झाडांचे, मदत मात्र जमिनीच्या मापाने ठरणार, हे ऐकून आजोबा नुसते हसले. त्या हसण्याचा अर्थ शोधण्याचा हा अल्प प्रयत्न.

आपत्ती निधीच्या त्या वेळच्या निकषांनुसार, ३३ टक्के वा अधिक नुकसान झालेल्या बहुवार्षिक पिकांना हेक्टरी १८,००० रुपये मिळत, तेही २ हेक्टरांच्या मर्यादेत. शासन याला भरपाई म्हणत नाही. हे 'निविष्ठा अनुदान', म्हणजे पुन्हा पेरणी करण्यासाठी दिलेला हात. भाताला हे लागू पडते, कारण भात पुढल्या वर्षी पुन्हा उभा राहतो. पोफळ फळावर यायला मात्र पाच-सात वर्षे लागतात.

'निसर्ग'नंतर राज्य शासनाने फळबागांसाठी हा दर ५०,००० रुपये केला. आकडा मोठा दिसतो. पण कोकणातील वाड्या गुंठ्यांत मोजतात. १० गुंठ्यांच्या वाडीला त्यातून सुमारे ५,००० रुपये येतात. आमच्या घरी तेवढे पैसे पडलेली झाडे तोडून बाहेर काढण्यातच गेले.

झाडांप्रमाणे मदत द्यावी, ही बागायतदारांची मागणी पुढे मान्य झाली : सुपारीला झाडामागे ५० रुपये, नारळाला २५०. मी हिशेब मांडून पाहिला. सुपारी साधारण २.७ मीटर अंतरावर लावतात. १० गुंठ्यांत सुमारे १३५ झाडे बसतात. सर्व पडली तर ६,७५० रुपये होतात. नारळ ७.५ मीटरवर, तेवढ्याच जागेत फार तर १८ माड, म्हणजे ४,५०० रुपये. तेव्हा दाट पोफळीला झाडाचे माप लाभते, तर विरळ माडाला जमिनीचे. मापात किंचित बदल केला, की कोणाच्या पदरात किती पडणार तेही बदलते.

तिसरे माप उत्पन्नाचे. अमेरिकेच्या कृषी खात्याने २०२१ साली, करोनाकाळात फटका बसलेल्या लाकूडतोड व लाकूड-वाहतूक व्यवसायांसाठी २० कोटी डॉलरची योजना आणली. तेथे जमीन पाहिली नाही, झाडेही मोजली नाहीत. २०१९ च्या तुलनेत २०२० मध्ये उत्पन्न किमान १० टक्क्यांनी घटले का, एवढे पाहिले. बुडालेली कमाई या मापाला खरी कळते. पण त्यासाठी हिशेबाच्या वह्या हव्यात. आमच्या वाडीचा हिशेब आजीच्या तोंडी, आणि सातबाऱ्यावर नऊ नावे. त्यांतली सहा मंडळी मुंबईला!

म्हणून मला वाटते, आपल्याकडे झाडाचेच माप ठेवावे. मात्र त्यात झाडाचे वय धरावे आणि नवे रोप फळाला येईपर्यंतची वर्षेही धरावीत. आजोबांच्या हसण्याचा अर्थ मला एवढाच लागला, की झाड पडते एका दिवशी, पण नुकसान पुढे कित्येक वर्षे होत राहते.