शिखरांखालील क्षेत्रफळ काय सांगते?

दमट हवेत राहिलेल्या अॅस्पिरिनच्या बाटलीचे झाकण उघडताच व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो. अॅस्पिरिनचे विघटन होऊन सॅलिसिलिक व अॅसेटिक आम्ले तयार झाल्याची ती खूण होय. परंतु औषध किती बिघडले, हे वासावरून कळत नाही. प्रोटॉन एन.एम.आर. वर्णपटावरून ते कळू शकते.

प्रबळ चुंबकीय क्षेत्रात ठेवलेल्या पदार्थातील हायड्रोजनची अणुकेंद्रे, म्हणजेच प्रोटॉन, विशिष्ट रेडिओलहरींना प्रतिसाद देतात. रेणूतील स्थानानुसार त्यांची शिखरे वर्णपटावर निरनिराळ्या जागी उमटतात. १९५१ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात आर्नल्ड, धर्मट्टी व पॅकार्ड यांनी इथिल अल्कोहोलची तीन शिखरे वेगळी करून दाखविली. त्यांची क्षेत्रफळे ३:२:१ या प्रमाणात होती. रेणूतील तीन गटांतले हायड्रोजनही तितकेच. यांपैकी एस. एस. धर्मट्टी यांनीच पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत या विषयाच्या संशोधनाचा पाया घातला.

येथे महत्त्व क्षेत्रफळाला आहे, शिखराच्या उंचीला नव्हे. शिवाय मिळते ते गुणोत्तर, प्रत्यक्ष संख्या नव्हे. डायइथिल ईथरमध्ये सहा व चार हायड्रोजन असूनही आकडे ३:२ असेच येतात. लहान आकड्याने भागण्याची विद्यार्थ्यांची सवय येथे नडते. उत्तर १.५:१ येते आणि दीड प्रोटॉन तर असू शकत नाही!

आता अॅस्पिरिनकडे वळू. त्याच्या मेथिल गटात तीन व बेंझीन वलयावर चार हायड्रोजन असतात. सॅलिसिलिक आम्लाच्या वलयावरही चारच असतात, मात्र त्यात मेथिल गट नसतो. म्हणून वलयाचे एकूण क्षेत्रफळ ४ धरले असता अॅस्पिरिनच्या मेथिलचे २.७ भरले, तर दर शंभर रेणूंपैकी दहा विघटित झाले, असा हिशेब निघतो.

हिशेब सोपा असला तरी दोन ठिकाणी फसगत होते. दोन स्पंदांमध्ये पुरेसा अवकाश न दिल्यास सावकाश पूर्वस्थितीला येणारे प्रोटॉन कमी मोजले जातात. दुसरे, ड्यूटेरियमयुक्त क्लोरोफॉर्म हा द्रावक वापरल्यास त्यातील उरलेल्या साध्या क्लोरोफॉर्मचे शिखर वलयाच्या शिखरांजवळच येते. ते बेरजेत मिसळले की चांगले औषधही बिघडलेले दिसते. पडताळा म्हणून अॅसेटिक आम्लाचे वेगळे मेथिल शिखर मोजावे. ते ०.३ च्या आसपास यावयास हवे. मात्र हे आम्ल उडून जाणारे असल्याने, उघड्या राहिलेल्या नमुन्यात ते कमीही भरते.