शिक्षण मोफत, मग खात्यात लाखो रुपये कशाला?

प्रश्न : मुलगा नांदेडला मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. जर्मनीत ऑटोमोटिव्ह इंजिनिअरिंगचं एम.एस. करायचं म्हणतो. तिथं शिक्षण मोफत असतं ना? मग एजंट खात्यात लाखो रुपये भरायला का सांगतोय?
– एक पालक, वसमत (जि. हिंगोली)

उत्तर : पैसे लागतात हे खरं आहे. बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी नसते; पण मर्सिडीज-पोर्शेच्या श्टुटगार्टमध्ये परदेशी विद्यार्थ्याला सत्राला १,५०० युरो पडतात. राहण्या-खाण्याचा खर्च वेगळा. त्यासाठी व्हिसाआधी ‘ब्लॉक्ड अकाउंट’मध्ये वर्षाचे ११,९०४ युरो ठेवावे लागतात. ते मुलाचेच, दरमहा ९९२ त्याच्या हाती येतात. म्हणून खातं त्याच्याच नावावर उघडा, एजंटच्या खात्यात छदामही नको.

कर्ज काढणार असाल, तर बँका शेतजमीन सहसा तारण घेत नाहीत. घराचे कागद तयार ठेवा. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, इतर प्रवर्गांसाठीही योजना आहेत. समाजकल्याण कार्यालयात विचारा.

गुणपत्रकं तपासणारं ‘एपीएस’ प्रमाणपत्र सक्तीचं आहे, त्याचा अर्ज आधी करा. आणि पासपोर्टवरचं नाव गुणपत्रकाशी अक्षरन् अक्षर जुळतंय का, आजच बघा. वडिलांच्या नावातल्या ‘राव’वरून आपल्याकडे हमखास घोळ होतो!